बुटांपाशी उभा राहणारा माणूस

आमच्या गावातली मुलं शर्यतीला निघण्याआधी मारुतीच्या देवळात जातात. मीही जायचो. पायरीखाली बूट काढायचे, आत जाऊन कपाळाला शेंदूर लावायचा, बाहेर येऊन बूट चढवायचे. त्या पाच मिनिटांत बुटांपाशी माणिकमामा उभे असायचे. गावात कुत्री फार आणि बूट पळवायची त्यांना खोडच. मामा सायकल धरून उभे राहायचे. कुत्रं जवळ आलं की घंटी वाजवायचे.

ते आत येत नसत. ते बौद्ध, म्हणून येत नसतील, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांना त्या देवळात जाऊ देत नव्हते. मामांना जायचंच नव्हतं. या दोन गोष्टींत फरक आहे, हे मला फार उशिरा कळलं. मी मराठी घेऊन बी.ए. केलं, एम.ए. केलं. तरी उशीरच झाला.

माणिकमामा पोस्टात होते. खेड्यात ज्याला पोस्टमन म्हणतात ते, डाकसेवक. सोनाळ्याच्या पोस्टातून थैली घ्यायची, सहा किलोमीटरवर आमच्या गावात यायचं, इथलं टपाल वाटायचं, मग डोंगराच्या पायथ्याच्या तीन वाड्या करून परत. रोजची ही फेरी त्यांनी सदतीस वर्षं सायकलवर केली. उन्हाळ्यात डोक्याला ओला रुमाल आणि पावसाळ्यात थैलीवर खताच्या पोत्याचं प्लास्टिक. स्वतः भिजायचे.

पोरं पळवायचं त्यांनी ठरवून सुरू केलं नाही. एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. त्याला एकट्याला पळायचा कंटाळा यायचा. तो मामांच्या सायकलसोबत पळू लागला. तो भरती झाला. दुसऱ्या वर्षी पाच मुलं आली. मग फेरीला कायमच कोणी ना कोणी असायचं. नियम दोनच. कॅरियरला हात लावायचा नाही. आणि घंटी दोनदा वाजली की पाय उचलायचे. कोणत्या चढावर घंटी वाजेल हे आधी कळत नसे. पत्र द्यायला मामा दारात थांबले की आम्ही जागच्या जागी पळत राहायचो आणि घरातल्या बाया हसायच्या.

“कोनाची वरात आनली वो मानिकभाऊ?”

“सरकारी वरात हाय, बाई. सही कर अथी.”

पत्र वाचता न येणाऱ्यांना ते वाचून दाखवायचे. त्यातलं एक माझ्या डोळ्यांसमोर आहे. झुंबरबाईचा मुलगा सुरतेला होता. त्याचं पत्र आलं. अंगणात आम्ही चार मुलं घामाने निथळत उभे होतो. मामांनी वाचलं, ‘मी आता गावाकडे येणार नाही, माझी वाट पाहू नको.’ झुंबरबाई मटकन खाली बसली. मामा तिथेच ओट्यावर बसून राहिले. बराच वेळ. त्या दिवशी वाड्यांना टपाल उशिरा पोचलं.

वाटेत मी म्हणालो, “मामा, जराक गोड करून सांगतलं असतं तं काय झालं असतं?”

“काऊन?”

“म्हातारीले बरं वाटलं असतं.”

“त्यानं लिहिलं ते तिचं हाय. त्यात माह्या मनचं घालाचा मले काय हक?” ते म्हणाले. मग घंटी दोनदा वाजवली.

सोळाव्या वर्षी मी तालुक्याच्या शालेय स्पर्धेत तीन हजार मीटर जिंकलो. संग्रामपूरला, मोकळ्या मैदानावर. मंचावर पाहुण्यांनी विचारलं, “बाळ, यशाचं श्रेय कुणाला देशील?” मी माईकसमोर म्हणालो, “आमच्या गावच्या मारुतीरायाच्या कृपेने हे शक्य झालं.” टाळ्या झाल्या. मला ते वाक्य सुचवायला कुणी लागलं नाही. आधीचे सगळे तेच म्हणाले होते. मैदानाच्या कडेला मामा माझ्या चपला घेऊन उभे होते.

परतताना एसटीत ते एकच बोलले. “शेवटच्या चक्कराले खांदे वर गेले तुये.”

त्यांच्या फेरीतली अकरा मुलं पोलिसात गेली. तीन सैन्यात. प्रत्येकाने निवड झाल्यावर मारुतीला नारळ फोडला आणि बाहेर येऊन मामांना पेढा दिला. बाहेरच. ते पेढा अर्धा खायचे आणि अर्धा कागदात बांधून खिशात ठेवायचे. तो समतासाठी असायचा.

समता त्यांची मुलगी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आम्ही एकत्र पळालो, एकाच वर्षी नापासही झालो. मी कॉलेजात पळणं सोडलं. तिने सोडलं नाही. मामा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नवीन डाकसेवक मोटरसायकलवर येतो. मामांची फेरी मात्र चालू राहिली. थैली नाही, टपाल नाही. पुढे समता पळायची आणि मागे सदुसष्ट वर्षांचा माणूस सायकलवर.

मी तोवर जिल्ह्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर झालो होतो. रस्त्यावरचे खड्डे, बिबट्या दिसल्याच्या बातम्या, शाळेतली स्नेहसंमेलनं. माझी भाषा चांगली आहे असं ऑफिसात म्हणत.

या जानेवारीत नांदुऱ्याला मॅरेथॉन झाली. पाच जिल्ह्यांच्या मुली होत्या. महिलांची दहा किलोमीटर. रस्ता स्टेशनच्या बाजूने हायवेला लागत होता आणि तिथे तो उंच हनुमान आहे, रेल्वेतूनही दिसणारा. त्याच्यासमोरून वळून परत. मी कॅमेरा घेऊन शेवटच्या रेषेपाशी थांबलो होतो. मामाही तिथेच होते, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. त्या दिवशी सायकल नव्हती, म्हणून हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

समता पहिली आली. एकोणचाळीस मिनिटं आणि काही सेकंद. रेषा ओलांडून ती रस्त्यावरच आडवी झाली. मामांनी तिचे बूट सैल केले. मी फोटो काढला. मग पाहुणे आले, बक्षिसं झाली, सेल्फी झाल्या. पाच वाजेपर्यंत बातमी पाठवायची होती. मला जळगाव जामोदची गाडी पकडायची होती.

गाडीत बसून मी मोबाईलवर बातमी लिहिली. शेवटी विजेत्याचं मनोगत लागतं. मी लिहिलं, ‘नांदुऱ्याच्या हनुमंतरायासमोरून धावताना अंगात बळ संचारले. हे यश त्याच्याच कृपेचे आहे, अशा भावना समताने व्यक्त केल्या.’

तिला विचारायची गरज मला वाटली नाही. मी तिला ओळखत होतो. लहानपणापासून.

वाक्य वाचून मी खूशही झालो, हे सांगायला हवं. मूर्ती, रस्ता, बळ, सगळं एका ओळीत आलं होतं. डेस्कवरच्या अर्जुनरावांनी अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर तीन कॉलम, फोटोसह.

आमच्या गावातल्या बुद्धविहारात रोज सकाळी पेपर वाचला जातो. मोठ्याने. म्हाताऱ्या माणसांना दिसत नाही, काहींना वाचता येत नाही. वाचायचं काम मामांकडे. पत्रं वाचणारा माणूस होता, त्यामुळे ते आपसूकच त्यांच्याकडे आलं. सोमवारी मी मुद्दाम गेलो. मला माझी बातमी त्यांच्या तोंडून ऐकायची होती.

दहा-बारा माणसं होती. जनकाबाई पुढे, भिंतीला टेकून. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मामांच्या पत्नी सिंधूताई दाराशी चहाची किटली घेऊन. मामांनी पहिलं पान वाचलं, निधनवार्ता वाचल्या. तिसरं पान उलटलं.

“आता आपल्या पोरीचं ऐका,” कुणीतरी म्हणालं.

मामांनी शीर्षक वाचलं. समताचं नाव वाचताना थोडे थांबले. गावाचं नाव, वेळ, दुसरी कोण आली, तिसरी कोण आली. आवाजात आनंद होता, पण ते तो दाबून वाचत होते. मग ते थांबले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. आणि ते वाक्य वाचलं. जसं छापलं होतं तसं. त्याच आवाजात. एकही शब्द न गाळता. मग पुढे पाहुण्यांची नावं होती, तीही सगळी वाचली.

“मानिक, ते हनुमंताचं पुन्यांदा वाच रे,” जनकाबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं.

मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, “बाबासाहेबाच्या बावीस प्रतिज्ञा भितीवर लावून ठेवल्या. घरात काय चालते ते कोनाले मालूम.”

मामांनी पेपरची घडी घातली. “छापलं ते वाचलं,” एवढंच म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी उठलो. दारात सिंधूताईंनी विचारलं, “गोविंदा, चहा नाई घेत का?”

दुपारी समता आली. मी गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. तिने पेपर काउंटरवर ठेवला.

“हे म्या कवा म्हटलं?”

मी गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मशीनवर ठेवत होतो. ते पुन्हा सरळ करून ठेवलं.

“गोविंदा, मी इचारून राह्यली.”

“असंच लिहितात अवं. जिंकलेले सगळेच म्हनतात.”

“मी म्हनते का?”

“नाई.”

“तुले मालूम होतं ना?”

“होतं.”

“मंग?”

गिऱ्हाईक मधेच म्हणालं, “बढिया छापलं वो ताई. हनुमंताची किरपा हायच तशी.” समताने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याची झेरॉक्स त्याच्या हातात दिली. तो गेल्यावर म्हणाली, “सकाळपासून सात जनं म्हनून गेले. माय घराबाहेर निंगून नाई राह्यली. अन् बाबा काईच बोलत नाईत. काईच नाई रे. खुलासा छापून आन.”

मी तिच्यासमोरच अर्जुनरावांना फोन लावला.

“काय खुलासा? वाचून दाखव,” ते बुलढाण्याहून म्हणाले.

मी वाचून दाखवला.

“म्हणजे, विजयात देवाचा हात नाही, खेळाडूचा खुलासा. असं हेडिंग लावू? उद्या ऑफिससमोर लोक येतील तेव्हा तू येशील का सामोरा?”

“साहेब, चूक माझी आहे. नजरचुकीने एवढं तरी…”

“नजरचुकीने देव पडला बातमीत, असं लिहू?” ते हसले. “अरे बाबा, हनुमान होता म्हणून तीन कॉलम आला. तिचं भलंच झालं ना? सोड.”

फोन स्पीकरवर नव्हता. पण दुकान लहान आहे.

“देत नाईत,” मी म्हणालो.

“ऐकलं.”

तिने काउंटरवरचा पेपर घडी करून हातात घेतला. मग म्हणाली, “वामनरावनं शनवारी सत्कार ठेवला. मारुतीच्या देवळात. बाबाले सांगून गेले. पोरीच्या हातानं नारळ फोडू म्हने. नाई म्हटलं तं गाव म्हनन, पेपरात एक बोलते अन् अथी एक. गेली तं मी खोटी. तूच सांग सगळ्याइसमोर. एका वाक्याचं काम हाय.”

“सांगतो.”

“पक्कं?”

“पक्कं, समता.”

वामनराव आमचे माजी सरपंच. माणूस वाईट नाही. त्यांनी चौकात बॅनर लावला होता. मध्ये समता, मागे हनुमान, खाली त्यांचा स्वतःचा हात जोडलेला फोटो. गावात आजवर समताच्या वस्तीतल्या कुणाचा बॅनर लागला नव्हता. लोक त्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. गावात कुठलाही कार्यक्रम असला की ते माझ्याकडेच असतं.

चार दिवस मी ते वाक्य तयार करत होतो. ‘बातमीतील मनोगत समताचे नव्हते, ते मी लिहिले होते.’ एवढंच. यात अवघड काहीच नाही. मी ते विहिरीवर म्हणून पाहिलं, दुकानात म्हणून पाहिलं. मामांकडे मात्र गेलो नाही. सकाळी त्यांची सायकल रस्त्यावर दिसली की मी शटर अर्धं खाली ओढायचो.

शनिवारी संध्याकाळी देवळासमोर दोनशे माणसं तरी असतील. पायरीखाली चपला-बुटांचा ढीग. समता आली. सिंधूताई आल्या नाहीत. मामा आले आणि पायरीखालीच थांबले, नेहमीच्या जागी.

“अरे मानिक, आज तरी वर ये,” वामनराव माईकवरून म्हणाले.

“अथीच बरा हाव,” मामा म्हणाले. लोक हसले. त्यांची ती जागा सगळ्यांच्या सवयीची होती.

वामनराव बोलले. “बजरंगबलीनं आपल्या गावच्या लेकीच्या पायात बळ घातलं. तो जात नाही पाहत, पात नाही पाहत. आपल्या गोविंदानं पेपरात किती सुंदर लिहिलं!” टाळ्या झाल्या. माझ्यासाठी. मग त्यांनी माईक माझ्या हातात दिला आणि नारळ समताच्या.

“फोड पोरी.”

तिने फोडला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ती थांबली होती. माईक माझ्या हातात होता, चालू होता, माझा श्वास त्यात ऐकू येत होता. समोर माझे वडील बसले होते. काका बसले होते. पेपर घेणारे, दुकानात येणारे सगळे बसले होते. मी घसा साफ केला.

“जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत,” मी म्हणालो.

टाळ्या थांबेपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती. मग चालत आली. नारळ माझ्या हातात दिला. माईक अजून माझ्या तोंडाजवळ होता, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

“हे गोविंदाचं हाय. त्याचाच हात लागू दे.”

बायांमधून हसू फुटलं.

“अवं माय! पोरानं नवस बोलला होता वाटते!”

“काय बे गोविंदा, आमाले सांगतलं नाई!”

“फोड बे फोड, लाजतं काय!”

मी नारळ फोडला. एका फटक्यात फुटला. चांगला शकुन, असं कुणीतरी म्हणालं. शेंदराचं बोट माझ्या कपाळाला लागलं. मी वळून पाहिलं तेव्हा समता पायरी उतरून बूट घालत होती. दुसरा बूट मामांनी हातात धरला होता.

कार्यक्रम संपला. मी सगळ्यांत शेवटी खाली उतरलो. मामा अजून होते.

“तुये बूट तिकडं सरकवले,” ते म्हणाले. “कुत्रं घेऊन चाललं होतं.”

माझे बूट ओट्याच्या कडेला एकाशेजारी एक ठेवलेले होते. नाड्या आत सारलेल्या. मामांनी सायकल स्टँडवरून काढली आणि वस्तीकडे गेले. चालत, सायकल हाताने धरून. पुढे समता होती. दोघंही मागे पाहत नव्हते.

मी घरी आलो. आईने कपाळावरचा शेंदूर पाहून विचारलं, झाला का चांगला कार्यक्रम. मी हो म्हणालो. रात्री जेवताना वडील म्हणाले, “पोरीनं सगळ्याइत हसू केलं तुयं. पन खेळकर हाय, जाऊ दे.” मी त्यांनाही काही सांगितलं नाही.

मला तेव्हा एक गोष्ट उमगली आणि ती मला सहन होईना. पेपरात मी जे तिच्या तोंडी घातलं, ते वाक्य तिचं नव्हतं, मूर्तीमुळे सुचलेलंही नव्हतं. ते माझंच होतं. सोळाव्या वर्षीचं. तेव्हा ज्याच्या हातात माझ्या चपला होत्या, त्याच माणसाला नऊ वर्षांनी मी तेच पुन्हा ऐकवलं होतं. आणि या वेळी मोठ्याने वाचायचं कामही त्याच्यावरच टाकलं होतं.

रविवारी सकाळी मी विहारात गेलो. बाहेर बूट काढले. मामा वाचत होते, कापसाचे भाव. मी आत जाऊन उभा राहिलो. त्यांनी वाचणं थांबवलं नाही. बातमी संपल्यावर चष्म्यावरून पाहिलं.

“मामा, सोमवारचा पेपर हाय का?”

खिडकीखाली जुन्या पेपरांचा गठ्ठा होता. त्यांनी त्यातून काढून दिला. सरकून मला जागा दिली.

मी तिसरं पान उघडलं आणि वाचू लागलो. शीर्षक, गावाचं नाव, वेळ. माझं स्वतःचं लिखाण मोठ्याने वाचताना मला ते कुणा अनोळखी माणसाचं वाटत होतं. त्या वाक्यापाशी आलो. तेही वाचलं, पूर्ण. मग म्हणालो, “हे समतानं म्हटलं नाई. हे म्या लिहिलं. माह्या मनानं.”

मागचा तो म्हातारा खाली बघत होता. सिंधूताईंच्या हातातली किटली तशीच राहिली.

“मंग तिनं काय म्हटलं होतं?” जनकाबाईंनी विचारलं.

मी तयारी करून गेलो होतो. माफी कशी मागायची याची. या प्रश्नाची नव्हती.

“तू तं तथीच होता ना, लेकरा?”

“होतो, आजी.”

“मंग काय म्हटलं पोरीनं?”

“मले नाई मालूम,” मी म्हणालो. “म्या तिले इचारलंच नाई.”

जनकाबाईंनी आपले न दिसणारे डोळे माझ्या दिशेने वळवले. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. एवढी पहिली आलेली पोर समोर आणि तिला कुणी काही विचारत नाही, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. “असं कसं?” एवढंच त्या पुटपुटल्या.

मामांनी माझ्या हातातून पेपर घेतला, घडी घातली, गठ्ठ्यात जागेवर ठेवला. मग आजचा पेपर उचलला. “चला, भाव राह्यला होता,” असं म्हणून पुढे वाचू लागले. सोयाबीन, तूर. आवाज नेहमीचाच होता. मधे एकदा मात्र त्यांनी एकच ओळ दोनदा वाचली आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही. सिंधूताईंनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. या वेळी मी घेतला.

बाहेर आलो तर समता विहाराच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. खिडकी उघडीच होती. तिने सगळं ऐकलं असणार.

मी तिच्याजवळ उभा राहिलो. “समता, काय म्हटलं असतं तू?”

“कवा?”

“नांदुऱ्याले. म्या इचारलं असतं तं.”

तिने एक नाडी बांधून पूर्ण केली. दुसरी घेतली.

“तवा इचारलं असतं तं सांगतलं असतं. डोक्यात काईतरी होतं त्या वक्ताले. आता नाई राह्यलं.” ती उठली आणि दोन्ही पाय जमिनीवर आपटून बूट नीट बसवले. “आता जे सांगन ते बनवून सांगाव लागन. ते तुले येते.”

मामा बाहेर आले. पँटच्या पायाला क्लिप लावली, सायकल काढली. माझ्याजवळून जाताना थांबतील असं मला वाटलं. ते थांबलेही. माझ्या खांद्यांकडे पाहिलं. मग घंटी दोनदा वाजली. समता वाड्यांच्या रस्त्याला लागली आणि ते तिच्यामागे.

मी माझे बूट शोधले. आज तिथे कुणी उभं नव्हतं. एक जागेवर होता. दुसऱ्यावर कुत्रं अंगाचं मुटकुळं करून झोपलं होतं.

मी ते उठायची वाट पाहत उभा राहिलो.